नोंदवही कोणाच्या हाती?

(पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डिसेंबर 2011 मध्ये जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्राच्या आवारात एक विलक्षण हुकूम सुटला. त्याच वर्षीच्या मार्चमधील भूकंप आणि त्सुनामीनंतर मोडून पडलेल्या अणुभट्ट्यांच्या परिसरात दुरुस्तीचे काम चालू होते. त्या कामावरील एका दुय्यम ठेकेदाराच्या अधिकाऱ्याने आपल्या कामगारांना शिशाचे पत्रे दिले आणि छातीवर लावलेले मात्रामापक त्या पत्र्यांनी झाकून घ्यावयास सांगितले. शिसे किरणांना अडवते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथे माणूस झाकला जात नव्हता, झाकले जात होते ते फक्त मापक. जुलै 2012 मध्ये ही हकीकत जपानी वृत्तपत्रांतून बाहेर आली आणि सरकारला चौकशी करावी लागली.

तो अधिकारी दुष्ट होता असे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण मग ज्या कामगारांनी तो पत्रा छातीवर लावला त्यांचे काय? त्यांना शिशाचा गुणधर्म ठाऊक नव्हता असे थोडेच आहे! त्यांनी तो लावला, कारण जपानी कायद्यानुसार किरणोत्सर्गी कामावरील कामगाराच्या अंगावर पाच वर्षांत 100 मिलिसिव्हर्टपेक्षा आणि कोणत्याही एका वर्षात 50 मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा पडता कामा नये, आणि ही मर्यादा गाठली की कामगाराला त्या कामावरून दूर करावे लागते. कायम नोकरीतील माणूस दूर झाला तर कचेरीत जाऊन बसतो, त्याचा पगार चालू राहतो. ठेकेदाराचा माणूस दूर झाला तर तो घरी जातो.

या एका फरकात आजच्या विषयाचे सगळे मर्म साठविलेले आहे. एरवी मजूर जितके अधिक दिवस काम करतो तितका त्याचा हात बसतो, अनुभव वाढतो, आणि बाजारात त्याची किंमत निदान काही काळ तरी वाढते. किरणोत्सर्गी कामात याच्या उलट घडते. येथे कामगार बरोबर जी पुंजी घेऊन येतो ती म्हणजे कायद्याने त्याला घेऊ दिलेली, आणि अद्याप न घेतलेली, मात्रा. प्रत्येक पाळीगणिक ती पुंजी खर्ची पडते. ती संपली की त्याचे कौशल्य कितीही असो, ठेकेदाराला त्याचा उपयोग उरत नाही. मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगाराला निदान दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी उभे राहता येत असे. येथे दाराशी उभे राहण्याचा हक्कच माणसाच्या हाडामांसातून मोजून वजा केला जातो. आणि ही वजाबाकी जिच्यात मांडली जाते ती नोंदवही. तेव्हा ज्या नोंदीने मजुरी बुडते ती नोंद खोटी करण्यात मालक आणि मजूर या दोघांचाही तात्कालिक स्वार्थ एक होतो, हे कार्यकर्त्यांनी आधी नीट समजून घेतले पाहिजे. कामगार अडाणी आहेत, बिल्ला खुंटीवर टांगून कामाला जातात, अशी तक्रार सुरक्षा अधिकारी नेहमी करीत असतात. तक्रार खरी असते. पण तिचे कारण अडाणीपणात शोधणे ही पांढरपेशी सोय आहे.

आता हा बिल्ला म्हणजे काय ते थोडे सांगावयास हवे. पूर्वी छायाचित्रणाच्या फिल्मचा लहानसा तुकडा काळ्या कागदात बंद करून बिल्ल्यात घालीत. किरणांनी फिल्म काळवंडते. किती काळवंडली त्यावरून मात्रा काढीत. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबाँबच्या प्रकल्पात रूढ झाली आणि पुढे जगभर गेली. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राने 1975 पासून फिल्मऐवजी दुसरा बिल्ला आणला. त्यात कॅल्शियम सल्फेटाच्या, डिस्प्रोझियम नावाच्या मूलद्रव्याचा अंश मिसळलेल्या, तीन लहान चकत्या असतात. किरणांची ऊर्जा या स्फटिकात अडकून राहते आणि चकती तापविली की प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. तो प्रकाश मोजला की मात्रा कळते. ही पद्धत फिल्मपेक्षा अचूक आहे, आपल्या उष्ण व दमट हवेत टिकाऊ आहे, आणि तीच पट्टी पुन:पुन्हा वापरता येत असल्याने स्वस्तही आहे. ती देशातल्या देशात सिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञांचे कौतुक केलेच पाहिजे.

पण या सुधारणेचा एक परिणाम असा, की ज्याची चर्चा फारशी झालेली नाही. फिल्म हा स्वत:च एक पुरावा होता. ती कपाटात ठेवता येई आणि वीस वर्षांनी कोणी शंका काढली तर पुन्हा उजेडात धरता येई. नव्या चकतीचे तसे नाही. ती तापवून वाचली की तिच्यातील साठा बहुतांशी पुसला जातो. मग ती पुन्हा तापवून कोरी केली जाते आणि दुसऱ्या माणसाच्या छातीवर जाते. वाचणे म्हणजेच पुसणे. त्यानंतर त्या तीन महिन्यांत, किंवा अणुवीजकेंद्रात एका महिन्यात, त्या माणसाच्या अंगावर काय पडले याचा साक्षीदार एकच उरतो, आणि तो म्हणजे नोंदवहीतील आकडा. पुढेमागे दावा उभा राहिलाच तर ज्याच्याविरुद्ध तो दावा असेल त्याच्याच कपाटात हा एकमेव साक्षीदार असावा काय, हा प्रश्न म्हणून तांत्रिक नसून राजकीय आहे.

ज्या काळी नोंदच नव्हती त्या काळी काय झाले याचा दाखला अमेरिकेतील घड्याळाच्या तबकड्या रंगविणाऱ्या मुलींचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यू जर्सीतील ऑरेंज या गावी, आणि पुढे कनेटिकट व इलिनॉय राज्यांत, अंधारात चमकणारा रेडियमचा रंग तबकड्यांवर लावण्याच्या कामी तरुण मुली नेमल्या जात. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून ते ओठांनी टोकदार करावयास त्यांना शिकविले जाई. काही वर्षांत त्यांचे जबडे कुजू लागले. कारखानदारांनी अन्य रोगांची नावे पुढे केली. 1928 साली न्यू जर्सीतील पाच जणींचा दावा तडजोडीने मिटला. 1941 साली अमेरिकेत शरीरात किती रेडियम असले तर चालेल याची मर्यादा ठरली ती याच मुलींच्या हाडांत सापडलेल्या रेडियमवरून. आज जगात जे आकडे कायद्याच्या पुस्तकात छापलेले दिसतात त्यांच्या मुळाशी अशी माणसे आहेत.

त्यानंतर नोंदी होऊ लागल्या, पुष्कळ होऊ लागल्या. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे नागासाकीवर टाकलेल्या बाँबचे प्लुटोनियम तयार झाले. तेथे 1944 पासून कामगारांच्या मात्रा टिपून ठेवल्या गेल्या. 1964 साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने पिट्सबर्ग विद्यापीठातील टॉमस मॅन्कुसो यांना या नोंदी व कामगारांचे मृत्यू यांचा मेळ घालण्याचे काम दिले. 1974 साली वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य खात्यातील सॅम्युएल मिलहॅम यांना मृत्युदाखल्यांवरून हॅनफर्डच्या कामगारांत कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसले. तेव्हा आयोगाने मॅन्कुसो यांनी मिलहॅमचे म्हणणे खोडून काढणारे निवेदन करावे अशी अपेक्षा केली. अभ्यास अपुरा असल्याचे सांगून त्यांनी ते नाकारले. 1977 साली त्यांचे काम काढून घेण्यात आले आणि सरकारच्या जवळच्या प्रयोगशाळांकडे ते गेले. तत्पूर्वी मॅन्कुसो यांनी इंग्लंडमधून अ‍ॅलिस स्ट्युअर्ट आणि जॉर्ज नील यांना बोलाविले होते. गर्भारपणात क्ष-किरण घेतलेल्या मातांच्या मुलांत कर्करोग अधिक आढळतो हे 1950 नंतरच्या दशकात दाखवून देणाऱ्या त्याच ह्या स्ट्युअर्ट. तिघांनी मिळून 1977 मध्येच असे प्रसिद्ध केले की, मर्यादेच्या आतील मात्रांनीही हॅनफर्डमध्ये कर्करोगाचे मृत्यू वाढले आहेत. त्यांच्या गणिती पद्धतीवर कडाडून टीका झाली, आणि तिच्यातील काही टीका गैर नव्हती. पण टीका करावयाची म्हटले तरी नोंदी हाती असाव्या लागतात, आणि त्या पुढची कित्येक वर्षे स्वतंत्र संशोधकांना मिळाल्या नाहीत. बाँब बनविणारे खाते, त्या बाँबमुळे कामगारांना होणाऱ्या अपायाचा अभ्यास करवून घेणारे खाते आणि त्या अभ्यासाची सामग्री कुलूपबंद ठेवणारे खाते ही तिन्ही एकच होती. 1990 च्या सुमारास जनमताच्या रेट्यामुळे हे काम ऊर्जा खात्याकडून आरोग्य खात्याकडे सोपविण्यात आले आणि नोंदी खुल्या झाल्या.

खुल्या झाल्याचे फळ काय? 2023 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटन या तीन देशांतील 3,09,932 अणुकामगारांच्या नोंदी त्यासाठी एकत्र केल्या होत्या. काही नोंदी 1944 पासूनच्या आहेत. निष्कर्ष असा निघाला की, अंगावर पडलेल्या मात्रेच्या प्रत्येक ग्रेमागे रक्ताचा सोडून अन्य कर्करोगांनी मरण्याचे प्रमाण 52 टक्क्यांनी वाढते. एक ग्रे ही फार मोठी मात्रा आहे, कामगारांच्या वाट्याला सहसा तिचा लहानसा अंश येतो. 100 मिलिग्रे पडले असतील तर वाढ सुमारे पाच टक्क्यांची. म्हणजे एखाद्या कामगाराने भयभीत होऊन रात्र जागून काढावी असे यात काही नाही. पण 'मर्यादेच्या आत म्हणजे निर्धोक' हे जे वाक्य वर्षानुवर्षे कामगारांना ऐकविले गेले ते मात्र यापुढे ऐकून घेण्याचे कारण उरलेले नाही. या तीन देशांत भारत नाही. आपल्या कामगारांच्या नोंदी जगाच्या या जमाखर्चात मांडल्या गेलेल्या नाहीत.

अमेरिकेच्या संसदेने 2000 साली अण्वस्त्र कारखान्यांतील आजारी कामगारांना भरपाई देणारा कायदा केला. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातील हा कायदा समाजवाद्यांनी बारकाईने वाचावा असा आहे. आजारी कामगाराच्या जुन्या नोंदींवरून त्याच्या एकूण मात्रेचा अंदाज करावयाचा, तिच्यामुळे कर्करोग झाला असण्याची शक्यता निम्म्याहून कमी नसेल तर दीड लाख डॉलर व औषधोपचार द्यावयाचे, आणि हा हिशेब करताना अनिश्चिततेचा फायदा कामगाराच्या पदरात टाकावयाचा, अशी त्याची रचना आहे. ठेकेदारांचे व दुय्यम ठेकेदारांचे कामगारही त्यात येतात. पण खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्या कारखान्यांत नोंदी इतक्या अपुऱ्या आहेत की मात्रेचा अंदाज करताच येत नाही, तेथील कामगारांचा एक विशेष वर्ग कायद्याने मानला आहे. त्या वर्गातील माणसाने 250 दिवस तेथे काम केले असेल आणि त्याला ठराविक 22 प्रकारच्या कर्करोगांपैकी एखादा झाला असेल तर अधिक पुरावा न मागता भरपाई मिळते. म्हणजे नोंद नसणे हा दोष कामगाराचा नव्हे, ज्याने ती ठेवावयाची त्याचा. आणि त्या दोषाचा भुर्दंड त्यानेच सोसावयाचा. हे तत्त्व एकदा कायद्यात आले की नोंदवही नीट ठेवणे मालकाला आपोआप परवडू लागते. नीतीचे पाठ देऊन जे होत नाही ते कधी कधी पुराव्याचा भार या खांद्यावरून त्या खांद्यावर दिल्याने होते.

जपानची तऱ्हा निराळी. तेथे 1977 पासून अणुकामगारांच्या मात्रांची एक मध्यवर्ती नोंदणी आहे आणि प्रत्येक कामगाराच्या नावे एक हातपुस्तिका असते. त्याने आज या केंद्रात व उद्या त्या केंद्रात काम केले तरी पुस्तिका त्याच्या मागोमाग जाते. व्यवहारात ती पुष्कळदा ठेकेदारच आपल्या ताब्यात ठेवतो ही गोष्ट वेगळी. तरीही तिचे मोल काय ते 2015 साली दिसले. फुकुशिमाच्या अपघातानंतर तेथे काम केलेल्या एका कामगाराला रक्ताचा कर्करोग झाला. त्याची एकूण मात्रा 19.8 मिलिसिव्हर्ट होती, म्हणजे एका वर्षाच्या मर्यादेच्याही निम्म्याहून कमी. जपानमध्ये 1976 पासून असा निकष आहे की, कामाच्या दर वर्षामागे पाच मिलिसिव्हर्ट या हिशेबाने मात्रा भरत असेल आणि रोग काही काळाने उद्भवला असेल तर रक्ताचा कर्करोग कामामुळे झाला असे धरावे. त्या निकषावर त्या माणसाला ऑक्टोबर 2015 मध्ये भरपाई मंजूर झाली. त्याने छातीवर शिशाचा पत्रा लावून आकडा खाली आणला असता तर? आज वाचलेली पाळी उद्या दाव्याच्या मुळावर येते, हे कामगारांच्या सभेत सांगताना याहून बोलका दाखला मिळणार नाही.

आता आपल्याकडे वळू. भारताने आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा 1960 सालचा किरणोत्सर्ग संरक्षणाचा करार 1975 साली मान्य केला. किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम 1971 साली झाले, 2004 साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 साली स्थापन झाले. त्याने ठरविलेली मर्यादा पाच वर्षांत 100 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30, म्हणजे वर्षाच्या बाबतीत जपानपेक्षा कडक. मात्रांची राष्ट्रीय नोंदणीही आहे आणि ती भाभा अणुसंशोधन केंद्रात ठेवली जाते. कागदावर पाहिले तर फारसे उणे काढता येणार नाही.

ही नोंदणी किती उपयोगी आहे ते कैगाने दाखविले. गोव्याच्या सीमेपलीकडे, कारवारजवळच्या कैगा अणुवीजकेंद्रात नोव्हेंबर 2009 मध्ये कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले आढळले. शोध घेता पिण्याच्या पाण्याच्या शीतपेटीत कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले होते असे निघाले. छातीवरच्या बिल्ल्याला याचा पत्ताही लागला नसता, कारण पोटात गेलेले ट्रिटियम बिल्ल्याला दिसत नाही. नियमाने तपासणी होत होती, आकडे लिहिले जात होते, आधीच्या आकड्यांशी ताडून पाहिले जात होते, म्हणूनच ही गोष्ट उघडकीस आली.

कल्पाक्कमला नेमके उलट घडले. 21 जानेवारी 2003 रोजी तेथील इंधन पुनर्प्रक्रिया केंद्रात एक झडप निकामी झाली आणि तीव्र किरणोत्सर्गी द्रव भलत्याच टाकीत आले. सहा कामगार नेहमीसारखे त्या भागात गेले. तेथे धोक्याची सूचना देणारे मापक यंत्र नव्हते. घेतलेला नमुना तपासला गेला तेव्हा काय झाले ते कळले. त्यांच्या अंगावर वार्षिक मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा पडली होती. कामगार संघटनेने लगोलग व्यवस्थापनाला पत्र लिहून सुरक्षेच्या मागण्या मांडल्या. दाद लागेना म्हणून कामगारांनी काम थांबविले. जनतेला या घटनेचा अधिकृत तपशील मिळावयास त्या वर्षाचा पावसाळा उजाडला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अखत्यारीतील कारखाने 2000 सालीच नियामक मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्या स्वत:च्या अंतर्गत यंत्रणेकडे दिलेले होते. हॅनफर्डच्या तीन खात्यांची आठवण येथे झाल्याखेरीज राहत नाही.

पण अणुकेंद्रांकडे बोट दाखविताना गल्लीबोळाकडे दुर्लक्ष होऊ नये. देशात किरणोत्सर्गाशी संबंध येणारे कामगार सर्वच काही अणुखात्यात नाहीत. इस्पितळांतील क्ष-किरण तंत्रज्ञ आहेत, नळांचे व बॉयलरचे सांधे इरिडियमच्या किरणांनी तपासणारे रात्रपाळीचे कामगार आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2012 साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात असे म्हटले होते की, देशातील 57,443 वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ 5,270 नियामक मंडळाकडे नोंदलेली होती. उरलेली 52,173, म्हणजे शेकडा 91, नोंदणीविना चालली होती. जेथे यंत्राचीच नोंद नाही तेथे यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बिल्ल्याची वार्ता कोठली! आणि 2010 च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरीत ज्या भंगार कामगारांनी दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने यंत्र फोडले आणि आतील कोबाल्ट उघडे पाडले, त्यांपैकी एक जण दगावला. आपण किरणोत्सर्गी कामगार आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांच्या मात्रेचा अंदाज रक्तातील गुणसूत्रांची मोडतोड मोजून करावा लागला.

ठेकेदाराच्या कामगाराचा प्रश्न आपल्याकडे तारापूरइतकाच जुना आहे. 1969 साली सुरू झालेल्या त्या केंद्रात दुरुस्तीची किरणोत्सर्गी कामे वाढली तसतसे बाहेरचे हंगामी मजूर आणून थोडा थोडा वेळ आत पाठविण्याची प्रथा पडली, आणि 1970 नंतरच्या वर्षांत वृत्तपत्रांनी ती चव्हाट्यावर आणली. अशा मजुराला रोग वीस वर्षांनी झाला तर तो कायद्याच्या दारात काय घेऊन जाणार? 1923 च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात किरणोत्सर्गाने होणारे रोग समाविष्ट होते. पण ते त्याच्या दुसऱ्या भागात होते, आणि त्या भागातील रोग कामामुळे झाला असे धरण्यासाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरीची अट होती. तो कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, अट मात्र कायम राहिली. आता हे कोडे पाहा. मात्रेची मर्यादा जपण्यासाठी मजुराला पंधरा दिवसांत परत पाठवावयाचे आणि पंधराच दिवस काम केले म्हणून त्याला रोगाची भरपाई नाकारावयाची. एकाच व्यवस्थेचे दोन हात कामगाराला दोन्ही बाजूंनी ढकलतात. आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 1962 च्या अणुऊर्जा कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत करून या क्षेत्रात खाजगी कंपन्यांना प्रवेश खुला केला आहे. कंपन्या वाढल्या की ठेकेदारांची उतरंड वाढणार, आणि एका मजुराची मात्रा अनेक दप्तरांत विखुरणार.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मानक असे आहे की, कामगाराची मात्रानोंद तो 75 वर्षांचा होईपर्यंत, किंवा तो हयात नसेल तर झाला असता तोपर्यंत, आणि काम सोडल्यापासून निदान 30 वर्षे जपली पाहिजे. मेलेल्या माणसाच्याही वयाची गणना चालू ठेवणारा हा नियम लिहिणाराला कामगाराच्या विधवेचे प्रश्न ठाऊक असावेत. परंतु तीस वर्षे टिकणारा ठेकेदार कोणी पाहिला आहे? त्याची पेढी दोन कामांनंतर नाव बदलते. नोंद जपण्याचा खर्च आज, आणि तिचा उपयोग तीस वर्षांनी दुसऱ्याच कोणाला: अशी वस्तू बाजार कधीच पुरवीत नाही हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. म्हणून ती जबाबदारी ठेकेदारावर टाकून चालणार नाही, मूळ आस्थापनेवर आणि तिच्याही पलीकडे आरोग्य किंवा श्रम खात्याच्या अधीन असलेल्या स्वतंत्र नोंदणीवर टाकावी लागेल. अणुखात्याने मोजावे, जरूर मोजावे. पण मोजणाऱ्यानेच वही बाळगू नये.

याच्या जोडीला मजुरीची हमी नसेल तर वही कोठेही ठेवली तरी ती खोटीच लिहिली जाईल. मर्यादा गाठलेल्या ठेकेदारी कामगाराला कराराची उरलेली मजुरी मिळाली पाहिजे, किंवा किरणोत्सर्ग नसलेले काम मिळाले पाहिजे. कायम कामगारांच्या संघटनांनी हा प्रश्न आपला नाही असे मानण्याची चूक आजवर पुष्कळ ठिकाणी केली आहे. कायम कामगाराची मात्रा कमी राहते ती काही अंशी तरी हंगामी मजूर ती आपल्या अंगावर घेतो म्हणून, हे बोलावयास कटू वाटले तरी बोलले पाहिजे.

अणुशक्ती हवी की नको यावर पक्षात दोन मते आहेत आणि ती आज मिटावयाची नाहीत. तो वाद मिटेपर्यंत हा प्रश्न थांबवून ठेवण्याचे मात्र कारण नाही. उद्या सर्व अणुभट्ट्या बंद करण्याचे ठरले तरी त्या मोडून, निववून, पुरून टाकावयास कित्येक दशके लागतील आणि ते काम बव्हंशी ठेकेदाराचेच मजूर करतील.

तोवर ठाणे-पालघरपासून कारवारपर्यंतच्या कार्यकर्त्याला कोणत्याही नव्या कायद्यावाचून करता येण्यासारखे एक काम आहे. आपल्या नोंदी पाहावयास मिळणे हा कामगाराचा हक्क आंतरराष्ट्रीय मानकांनी मान्य केलेला आहे. काम संपताना हिशेब होतो तेव्हा मजुरीच्या आकड्याबरोबर मात्रेचा आकडाही लेखी मागावयाचा. तो देताना नाव कसे लिहिले आहे ते पाहावयाचे. रोजगार हमीच्या हजेरीपटावर ज्यांनी काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की, एकच माणूस एका पटावर रामा भिवा, दुसऱ्यावर रामचंद्र भिवाजी आणि तिसऱ्यावर केवळ आडनावाने उभा असतो. तेथे त्याने फार तर चार दिवसांची मजुरी बुडते. येथे तीन ठेकेदारांच्या तीन पटांवर तीन नावे पडली तर राष्ट्रीय नोंदणीत तीन निरोगी माणसे तयार होतात, प्रत्येकाची मात्रा मर्यादेच्या आत. बिल्ल्याबरोबर मिळणारा वैयक्तिक क्रमांक पहिल्या कामावर जो पडला तोच दुसऱ्या कामावर लावून घ्यावयाचा, आणि तो घरी शिधापत्रिकेच्या पिशवीत जपून ठेवावयास घरच्या बाईला सांगावयाचे.